आयोवातली सहा पिल्लं

आठवडी बाजारात गुलाबी, हिरवी, जांभळी पिल्लं विकायला येतात, ती तुम्ही पाहिली असतील. पुठ्ठ्याच्या खोक्यात शंभर-शंभर पिल्लं, सगळी एका सुरात चिवचिवणारी. मी तिसरीत असताना असंच एक गुलाबी पिल्लू दोन रुपयांना आणलं होतं. बुटांच्या खोक्यात चिंधी अंथरली, वाटीत तांदळाच्या कण्या ठेवल्या आणि खोकं स्वयंपाकघरात ओट्याखाली सरकवून मी झोपले. रात्रभर ते ओरडत होतं. मला वाटलं, भूक लागली असेल, म्हणून उठून आणखी कण्या टाकल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं, तर पिल्लू खोक्याच्या कोपऱ्यात निपचित पडलेलं.

"जाऊ दे गं, दोन रुपयांचंच तर होतं," घरात कुणीतरी म्हणालं. मी खूप रडले. पण ते का मेलं, हे कुणी मला सांगितलं नाही आणि मीही कुणाला विचारलं नाही.

ते कळायला मला चाळीस वर्षं लागली. कळलं तेही कुठे, तर थेट अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, शेतकी सामानाच्या एका दुकानात!

माझा दादा तिकडे नोकरीला आहे. २०२५ च्या मार्चमध्ये मी सहा महिन्यांसाठी त्याच्याकडे गेले. आयोवा हे अमेरिकेच्या नकाशात जवळजवळ मधोमध येतं. त्याच्या राजधानीच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये दोन 'एस' आहेत, पण म्हणायचं मात्र 'दे मॉईन'. एकही 'स' उच्चारायचा नाही! दादाचं गाव या दे मॉईनपासून थोडं लांब, अगदी लहान. घर संपलं की शेतं सुरू. सगळीकडे काळीभोर माती, आपल्या विदर्भातल्यासारखी. मार्चमध्ये त्या मातीत काहीच उभं नव्हतं. गेल्या वर्षीच्या मक्याचे खुंट तेवढे दिसत होते. मधूनच धान्य साठवायचे उंच मनोरे, आणि वारा असा की कानटोपी काढायची सोय नाही.

आयोवा मका, सोयाबीन आणि डुकरांसाठी प्रसिद्ध आहे, तसंच अंड्यांसाठीही. पण त्या मार्चमध्ये अंड्यांच्याच राज्यात अंडी महाग झाली होती! बर्ड फ्लूमुळे देशभर कोट्यवधी कोंबड्या गेल्या होत्या. अमेरिकेत डझनभर अंड्यांचा सरासरी भाव सव्वासहा डॉलर, म्हणजे पाचशे रुपयांच्याही वर गेला होता. मग काय, ज्याच्या घरामागे चार हात जागा, तो म्हणू लागला, आपणच कोंबड्या पाळू. माझी बारा वर्षांची भाची आणि नऊ वर्षांचा भाचाही त्यात होते.

"आधी नियम बघा," दादा म्हणाला.

भाचीने नगरपालिकेचे नियम शोधून काढले आणि मोठ्याने वाचले. घरामागे सहा कोंबड्या पाळायला परवानगी होती. खुराडं शेजाऱ्याच्या कुंपणापासून ठरावीक अंतरावर हवं होतं. आणि शेवटची ओळ होती, कोंबडा पाळायचा नाही.

"का गं? कोंबड्याने काय घोडं मारलंय?" मी विचारलं.

"पहाटे ओरडतो ना, आत्या. लोक झोपलेले असतात."

मला हसू आलं. आमच्या लहानपणी कोंबडा आरवला म्हणून लोक उठत. इथे कोंबडा आरवला म्हणून लोक तक्रार करतात!

मग एका शनिवारी आम्ही सगळे त्या दुकानात गेलो. दुकान कसलं, एक मोठं गोदामच ते. आत शिरताच रबरी बूट, खाद्य आणि नव्या टायरांचा मिळून एक वास आला. ट्रॅक्टरचं तेल, काटेरी तारेची भेंडोळी, घोड्यांची खोगिरं, कुत्र्यांचं खाणं, शेतकऱ्यांच्या जाडजूड पँटी, सगळं एका छपराखाली. आपल्याकडचं कृषी सेवा केंद्र, हार्डवेअरचं दुकान आणि कापडदुकान एकत्र केलं तर जे होईल, तेच समजा.

आणि त्या सगळ्या सामानाच्या पलीकडून आवाज येत होता. चिव चिव चिव चिव! तोच, माझ्या बुटांच्या खोक्यातला.

जनावरांना पाणी पाजायचे पत्र्याचे लांबट हौद असतात ना, तसे सहा-सात हौद ओळीने मांडले होते. त्यांत पाण्याऐवजी लाकडाचा भुसा, आणि भुशावर पिल्लं. प्रत्येक हौदावर एक लाल दिवा टांगलेला. त्या दिव्याखाली पिल्लं चिवचिवत होती, मधेच एकमेकांच्या अंगावर चढत होती, मधेच उभ्या उभ्या डोळे मिटून पेंगत होती आणि धपकन आडवी होत होती. पहिल्यांदा भाचा घाबरलाच, "आत्या, ते मेलं!" पण दुसऱ्या पिल्लाने त्याच्यावर पाय दिला आणि ते टुणकन उठलं.

प्रत्येक हौदावर पाटी होती. ऱ्होड आयलंड रेड म्हणजे विटकरी रंगाची पिल्लं. बार्ड रॉक म्हणजे काळी, डोक्यावर पांढरट ठिपका असलेली. बफ ऑर्पिंग्टन म्हणजे हळदीसारखी पिवळी. जातीच्या नावापुढे 'पुलेट' असं लिहिलेलं होतं. पुलेट म्हणजे आपली तलंग, अजून अंड्यावर न आलेली तरणी कोंबडी.

हातमोजे घातलेल्या एक आजी तिथे होत्या. त्या आधी पिल्लं दाखवायलाच तयार नव्हत्या. त्यांनी मुलांनाच विचारलं, "घरी ऊब द्यायला दिवा आहे? पिल्लांचं खाद्य आहे? पाण्याचं भांडं? मोठी झाली की ठेवणार कुठे?" भाचीने सगळ्याची उत्तरं दिली, तेव्हा कुठे त्या हसल्या.

भाच्याला दोनच पिल्लं हवी होती. पण दुकानाचा नियम होता, सहापेक्षा कमी द्यायची नाहीत. अमेरिकेतल्या काही राज्यांत तर तसा कायदाच आहे. पूर्वी ईस्टरच्या सणाला मुलांना एखाददुसरं रंगवलेलं पिल्लू खेळणं म्हणून देत. चार दिवसांत हौस फिटायची आणि पिल्लू मरायचं, नाहीतर कुणीतरी टाकून द्यायचं. ते थांबावं म्हणून असे नियम झाले. रंगवलेली पिल्लं विकायलाही काही राज्यांत बंदी आहे.

"शिवाय एकटं पिल्लू जगायला अवघड," आजी म्हणाल्या. "ती एकमेकांच्या उबेला बसतात. एकटं असलं की नुसतं ओरडत राहतं."

मला एकदम बुटांचं खोकं आठवलं. रात्रभर ओरडणारं. ते भुकेनं ओरडत नव्हतं, मुलांनो. त्याला थंडी वाजत होती.

कोंबडीच्या अंगाची उष्णता आपल्यापेक्षा जास्त असते, सुमारे ४१ अंश सेल्सिअस. पिल्लाच्या अंगावर नुसती लव असते, पिसं नसतात, त्यामुळे पहिले काही आठवडे त्याला स्वतःची ऊब धरून ठेवता येत नाही. आई असली तर ते तिच्या पंखाखाली शिरतं. आई नसली तर पहिल्या आठवड्यात त्याच्याजवळ साधारण ३५ अंशांची ऊब ठेवावी लागते. पुढे दर आठवड्याला सुमारे तीन अंश कमी करत जायचं. म्हणजे माझ्या पिल्लाला कण्यांपेक्षा एक तापणारा दिवा हवा होता. आमच्या घरात दिवे होते की! पण कुणाला ठाऊकच नव्हतं.

"ही पिल्लं इथेच उबवता का?" मी विचारलं.

"छे! आज सकाळी पोस्टाने आली," आजी म्हणाल्या.

मला वाटलं, माझं इंग्रजी चुकलं. पण नाही, खरंच पोस्टाने! अमेरिकेचं टपाल खातं १९१८ पासून एक दिवसाची पिल्लं पार्सलने नेतं. भोकं पाडलेलं पुठ्ठ्याचं खोकं, त्यात चार कप्पे, एका कप्प्यात पंचवीस पिल्लं, म्हणजे ती एकमेकांना ऊब देतात. पोस्टात खोकं आलं की पहाटे फोन येतो, "तुमची पिल्लं आलीत, लवकर घेऊन जा. इथे काही ऐकू येत नाहीये!"

पण मग वाटेत दाणापाणी कोण देतं? कुणीच नाही. अंड्यातून बाहेर यायच्या थोडं आधी पिल्लू उरलेला पिवळा बलक आपल्या पोटात ओढून घेतं. ती त्याची शिदोरी. त्या शिदोरीवर ते दोन-तीन दिवस काही न खाता-पिता राहू शकतं. निसर्गाने ही सोय काही पोस्टासाठी केलेली नाही, बरं का! खुडूक बसलेल्या कोंबडीची सगळी अंडी एकाच वेळी फुटत नाहीत. आधी बाहेर आलेल्या पिल्लांना मागच्या भावंडांची वाट पाहत आईखाली बसावं लागतं. तेवढ्या वेळासाठी ही शिदोरी. माणसाने तिचा फायदा घेतला.

आयोवातच वेबस्टर सिटी नावाचं गाव आहे. तिथे मरे मॅकमरे नावाचे गृहस्थ बँकेत होते. त्यांना कोंबड्यांचा भारी नाद. १९१७ मध्ये त्यांनी बँकेतूनच शेतकऱ्यांना पिल्लं विकायला सुरुवात केली! पुढे मंदी आली, बँक बंद पडली आणि नादाचाच धंदा झाला. त्यांच्या नावाची हॅचरी आजही देशभर पोस्टाने पिल्लं पाठवते. हॅचरी म्हणजे यंत्रात अंडी उबवायचा कारखाना. कोंबडीखाली असो नाहीतर यंत्रात, अंडं फुटायला दिवस मात्र एकवीसच लागतात.

तर आम्ही दोन विटकरी, दोन काळी आणि एक पिवळं अशी पाच पिल्लं निवडली. सहाव्यासाठी मुलांची भांडणं चालू होती, तेवढ्यात माझं लक्ष शेवटच्या हौदाकडे गेलं. त्यातली पिल्लं इतरांहून दांडगी होती आणि त्यांच्या पायांवर अगदी बोटांपर्यंत लव होती, जशी काही मोजे घातल्यासारखी. पाटीवर लिहिलं होतं, 'ब्रह्मा'.

"अगं, हे तर आपलं नाव!" मी ओरडलेच.

हे नाव खरंच आपल्याकडचं आहे. १८४० च्या दशकात चीनच्या शांघाय बंदरातून अमेरिकेत मोठाल्या कोंबड्या आल्या. त्यांचा चितगावकडच्या कोंबड्यांशी संकर झाला असंही मानतात. या जातीला कुणीतरी ब्रह्मपुत्रा नदीचं नाव दिलं. पुढे लोकांनी 'पुत्रा' गाळून टाकलं आणि उरली ब्रह्मा. १८५२ मध्ये एका अमेरिकन माणसाने असले नऊ पक्षी इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीला भेट म्हणून पाठवले आणि मग या कोंबड्यांचं वेडच पसरलं.

"पण आत्या, याच्यावर 'पुलेट' लिहिलेलं नाहीये. 'स्ट्रेट रन' लिहिलंय," भाची म्हणाली.

"असू दे गं! ब्रह्मपुत्रेच्या नावाची आहे. घेऊ या."

मुलांनो, इथे चूक झाली, आणि ती माझी. भाची नीट वाचत होती, मी नावाला भुलले. स्ट्रेट रन म्हणजे न निवडलेली, नर-मादी एकत्र असलेली पिल्लं. पण मी मोठी ना! मुलं गप्प बसली. सहावं पिल्लू खोक्यात गेलं.

घरी गॅरेजमध्ये जागा तयारच होती. मोठं खोकं, भुसा, वर टांगलेला दिवा. दिवा पडून आग लागते म्हणून दादाने तो साखळीने आणि वर तारेनेही बांधला होता. पाण्याच्या भांड्यात भाच्याने आपल्या गोट्या टाकल्या. इतक्या लहान पिल्लांना उथळ पाण्यातही बुडायची भीती असते. गोट्या घातल्या की चोच जाते, पण अंग जात नाही. प्रत्येक पिल्लाची चोच एकदा पाण्यात बुडवायची, म्हणजे पाणी कुठे आहे ते त्याला कळतं. आई नाही ना दाखवायला!

दिव्याची उंची बरोबर आहे की नाही, हे पिल्लंच सांगतात. सगळी दिव्याखाली गोळा होऊन ओरडत असली, तर थंडी वाजतेय, दिवा खाली घ्या. सगळी खोक्याच्या कडेला पळाली, तर उकडतंय, वर घ्या. सगळीकडे पांगून निवांत चरत असली, तर ठीक. भाचा पहिल्या रात्री चार वेळा उठून बघून आला.

चौथ्या दिवशी पिवळं पिल्लू मलूल झालं. भाचीने उचलून पाहिलं, तर शेपटीखाली शी वाळून घट्ट चिकटली होती. प्रवासाच्या ताणाने असं होतं, आणि वाट बंद झाली की पिल्लू मरतं. तिने कोमट पाण्यात कापूस भिजवून ते हळूहळू सोडवलं, पुसून कोरडं केलं. अर्धा तास लागला. दुसऱ्या दिवशी पिल्लू खाद्यावर तुटून पडलं. मी नुसती बघत होते. बारा वर्षांच्या मुलीने जे केलं, ते आमच्या अख्ख्या घराला जमलं नव्हतं.

वहिनीचा नियम एकच होता, पण कडक. पिल्लांना हात लावला की साबणाने हात धुवायचे, आणि पिल्लाचा पापा घ्यायचा नाही. दिसायला गोड असली, तरी त्यांच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात आणि त्यांनी माणसं आजारी पडतात. पाच वर्षांखालच्या मुलांनी तर पिल्लांना हातच लावू नये, असं डॉक्टर सांगतात.

नावं ठेवायचं काम माझ्याकडे आलं. विटकरी झाल्या जिलेबी आणि इमरती, काळ्या झाल्या मिरी आणि लवंग, पिवळी झाली हळद. आणि ब्रह्मपुत्रेच्या नावाची म्हणून दांडगी झाली भीमा. एका नदीचं नाव दुसरीला!

सहा आठवड्यांत लव जाऊन पिसं आली. मे महिन्यात सगळी बाहेरच्या खुराड्यात गेली. तिकडे रॅकून नावाचा प्राणी असतो, मांजरापेक्षा मोठा, आणि हात माणसासारखे. तो जाळीतून हात घालून कोंबडी ओढतो, म्हणून दादाने बारीक छिद्रांची जाड जाळी लावली. शेतात मका गुडघ्याएवढा झाला, मग कमरेएवढा, मग दादापेक्षाही उंच. भीमा मक्याच्या वेगानेच वाढत होती. पाय काठीसारखे जाड झाले, तुरा लाल झाला. "ब्रह्मा मोठ्याच असतात," मी म्हणायचे. भाची माझ्याकडे बघायची आणि काही बोलायची नाही.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात एका पहाटे खुराड्यातून विचित्र आवाज आला. गंजलेलं दार उघडावं तसा. मग पुन्हा. तिसऱ्यांदा मात्र शंका उरली नाही. घसा बसलेला होता, सूर लागत नव्हता, पण ती बांगच होती.

भीमा म्हणजे भीम निघाला!

भाचा आनंदाने नाचला. मग त्याला नियमाची शेवटची ओळ आठवली आणि तो खाली बसला.

नर आणि मादी पिल्लात फरक ओळखायचा कसा, हा फार जुना प्रश्न. १९२० च्या दशकात जपानमधल्या शास्त्रज्ञांनी एक दिवसाच्या पिल्लाची शेपटीखालची जागा बारकाईने तपासून नर-मादी ओळखायची रीत शोधली. १९३० नंतर ती जगभर गेली. ती शिकायला वर्षं लागतात, पण तयार माणूस एका पिल्लाला दोन-चार सेकंदच घेतो. तरीही हॅचऱ्या शंभरातल्या नव्वदांचीच खात्री देतात.

आणि मग नर पिल्लांचं काय होतं? हे भाचीने मला विचारलं, आणि उत्तर आम्ही दोघींनी मिळून वाचलं. ते तुम्हालाही सांगते, कारण लपवण्यासारखं नाही. अंड्यांसाठी वाढवलेल्या जातीचा नर अंडी देत नाही आणि त्याच्या अंगावर फारसं मांसही धरत नाही. त्याला पोसायचा खर्च कुणालाच नको असतो, म्हणून मोठ्या हॅचऱ्यांत नर पिल्लं पहिल्याच दिवशी मारून टाकतात. जर्मनीने २०२२ पासून यावर बंदी घातली. आयोवातल्याच विल्टन गावी २०२४ मध्ये एक यंत्र बसवलं, ते कवचातून अंड्यात पाहून नर की मादी ते सांगतं, म्हणजे नराचं अंडं आधीच बाजूला काढता येतं. आपल्या बाजारातली रंगीत पिल्लंही बहुतेक असलीच, हॅचरीला नको असलेली नर पिल्लं असतात. माझं गुलाबी पिल्लूही तसलंच असणार. दोन रुपयांना का मिळालं, ते मला त्या दिवशी कळलं.

शेजारच्या काकांनी तक्रार केली नाही, पण कुंपणावरून म्हणाले, "तुमचा गायक आजकाल पाचला उठतो!" दादाने मुलांना आठवड्याची मुदत दिली. "तुम्ही आणलाय. घर तुम्हीच शोधा."

"मी आणलाय," मी म्हणाले. पण मुलांनी ते काम माझ्यावर सोडलं नाही. भाचीने चिठ्ठी लिहून त्याच दुकानाच्या फलकावर लावली. तिथे गेलो तर फलकावर आधीच अशा पाच-सहा चिठ्ठ्या! मार्चमध्ये पिल्लं नेलेल्या सगळ्यांचेच कोंबडे ऑगस्टमध्ये आरवायला लागले होते. फोन लावले तर सगळीकडे एकच उत्तर, "आमच्याकडे एक आहे. दोन ठेवले तर भांडतात."

सहाव्या दिवशी गावाबाहेरच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने होकार दिला. आम्ही भीमला खोक्यात घालून घेऊन गेलो. धुळीचा रस्ता, दोन्ही बाजूंना मक्याच्या भिंती, आणि मग एक लाल गोठा. तीस-एक कोंबड्या मोकळ्या चरत होत्या. त्यांचा कोंबडा उन्हाळ्यात कोल्ह्याने नेला होता.

शेतकरीबाबांनी भीमला हातात घेऊन वजन पाहिलं. मग ते मुलांसमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, "मी याला नीट सांभाळीन. पण मी शेतकरी आहे. हा माणसांच्या अंगावर यायला लागला, तर मी त्याला ठेवणार नाही. खोटं वचन देत नाही."

भाच्याचा ओठ थरथरला. मला वाटलं, आता हा खोकं उचलणार. पण त्याने विचारलं, "रात्री त्यांना आत घेता का?"

"रोज. मोजून."

"पाणी थंडीत गोठतं तेव्हा?"

"दिवसातून तीनदा बदलतो."

भाच्याने बराच वेळ विचार केला. मग त्याने खोकं स्वतः उघडलं. भीम बाहेर आला, एक पाय वर धरून इकडेतिकडे पाहिलं आणि पंख फडफडवून आरवला. आता सूर चांगला लागला होता. गाडीत परत येताना कुणी बोललं नाही. आमच्या दोन्ही बाजूंनी नुसता मका सळसळत होता.

ऑगस्टच्या शेवटी जिलेबीने पहिलं अंडं दिलं. लहानसं, तपकिरी, अजून गरम. वहिनीने हिशोब केला होता, खुराडं, जाळी, खाद्य सगळं धरून ते अंडं कितीला पडलं ते! आकडा सांगितला तर तुम्ही हसाल. भाच्याने ते अंडं माझ्या हातावर ठेवलं आणि म्हणाला, "आत्या, हे तुझं."

सप्टेंबरात मी परत आले. डिसेंबरात भाचीचा फोन आला. बाहेर बर्फ होतं. भीम अजून आहे. ब्रह्मा जातीचा तुरा लहान आणि अंगाजवळ असतो, म्हणून तो थंडीने सहसा गोठत नाही, असं तिने मला समजावून सांगितलं. भाचा दर रविवारी त्याला भेटायला जातो आणि बाबांना कोंबड्या मोजायला मदत करतो.

गेल्या आठवड्यात मी बाजारात गेले होते. कोपऱ्यावर तेच खोकं, तीच गुलाबी-हिरवी पिल्लं. एक मुलगा गुलाबी पिल्लू हातात धरून उभा होता, दुसऱ्या हातात नोट. मी त्याला थांबवलं आणि सांगितलं की एक नेऊ नकोस, निदान चार-पाच तरी ने. साधा पिवळा बल्ब लाव, एलईडी चालणार नाही, तो तापत नाही. पाण्यात गोट्या टाक. हात धू.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "काकू, हा कोंबडा होणार का कोंबडी?"

"बहुतेक कोंबडा."

"मग तो अंडी नाही देणार?"

"नाही. आणि पहाटे ओरडणार."

त्याने पिल्लाकडे पाहिलं. "मग घरी चालेल का?"

"ते आधी घरी विचारून ये," मी म्हणाले.

त्याने पिल्लू अलगद खोक्यात ठेवलं, पिल्लंवाल्याला म्हणाला, "काका, जाऊ नका हां, आलोच," आणि घराकडे पळत सुटला.